वाट चुकलेला ट्रक

१६ जानेवारी १९८४, सोमवार. अमेरिकेतल्या न्यू मेक्सिको राज्यात, डोंगरपठारावर वसलेल्या लॉस अलामोस गावी सळयांनी भरलेला एक ट्रक रस्ता चुकला.

बांधकामाच्या साध्या लोखंडी सळया होत्या त्या. आपल्याकडे टेम्पोच्या मागे लाल फडकं बांधून, खालीवर झुलत जातात ना, तशाच. ट्रकला जायचं होतं भलतीकडे आणि तो वळला राष्ट्रीय प्रयोगशाळेच्या एका विभागाकडे. तिथे मेसॉन नावाच्या कणांवर संशोधन चालायचं. विभागाच्या फाटकापाशी, रस्त्याच्या कडेला, किरणोत्सर्ग टिपणारं एक यंत्र बसवलेलं होतं. ट्रक त्याच्यासमोरून गेला आणि यंत्राने इशारा दिला.

लॉस अलामोस म्हणजे जिथे पहिला अणुबॉम्ब घडवला गेला ते गाव. अशा ठिकाणी इशारा वाजला की माणसं आधी आपल्याच घरात बघतात. यंत्रही त्यासाठीच होतं. प्रयोगशाळेतली एखादी किरणोत्सारी वस्तू चुकून बाहेर जाऊ नये, एवढंच त्याचं काम. बाहेरच्या जगातून कोणी किरणोत्सारी माल घेऊन दारात येईल, हे कोणाच्या ध्यानीमनी नव्हतं. पण तपासणी झाली तेव्हा प्रयोगशाळेचं काहीच हरवलेलं नव्हतं. किरणं निघत होती ती त्या सळयांमधून. वर काही लागलेलं नव्हतं, धुऊन जाण्यासारखं काही नव्हतं. लोखंडातच काहीतरी वितळून एकजीव झालं होतं.

ते काहीतरी म्हणजे कोबाल्ट-६०.

हे ओळखणं फार अवघड नसतं. कोबाल्ट-६० मधून दोन ठरावीक ऊर्जेचे गॅमा किरण जोडीने बाहेर पडतात, एक १.१७ आणि दुसरा १.३३ दशलक्ष इलेक्ट्रॉन व्होल्टचा. आलेखावर ती जोडी दिसली की जाणकाराला दुसरं काही विचारावं लागत नाही. अवघड प्रश्न पुढचा होता. हा पदार्थ खाणीत सापडत नाही. साधा कोबाल्ट अणुभट्टीत ठेवून त्याच्यावर दीर्घकाळ न्यूट्रॉनचा मारा केला, तरच तो तयार होतो. म्हणजे कुठल्या तरी अणुभट्टीतून तो कोणीतरी मोजून काढला, कोणीतरी विकत घेतला आणि कोणाच्या तरी परवान्यावर, कोणाच्या तरी नावाने तो कुठेतरी ठेवलेला होता. गहू किंवा वाळू सांडली तर मालक सापडेलच असं नाही. कोबाल्ट-६० चा मालक मात्र कागदोपत्री सापडायलाच हवा.

तो कागद शोधत तपास दक्षिणेकडे निघाला.

सळया मेक्सिकोतल्या चिहुआहुआ राज्यातल्या एका पोलाद कारखान्याच्या होत्या. सीमा ओलांडताना त्यांना कोणी हटकलं नव्हतं, कारण तेव्हा सीमेवरच्या नाक्यांवर किरणोत्सर्ग मोजायची सोय नव्हती. टेक्सासच्या आरोग्य खात्याला कळवलं गेलं, तिथून मेक्सिकोच्या राष्ट्रीय अणुसुरक्षा आयोगाला. काही दिवसांतच मोजणीची यंत्रं घेऊन माणसं कारखान्यात पोचली. कारखाना भंगार वितळवून सळया ओढायचा. भंगार यायचं सीमेलगतच्या सिउदाद हुआरेज या शहरातून. नदीच्या या काठाला हुआरेज, त्या काठाला अमेरिकेतलं एल पासो. हुआरेजमधल्या भंगाराच्या एका मोठ्या आवारातून माल निघायचा आणि तो दोन ठिकाणी जायचा. एक हा सळयांचा कारखाना, दुसरी एक ओतशाळा. या ओतशाळेत हॉटेलांतल्या टेबलांचे लोखंडी पाय ओतले जायचे आणि तेही अमेरिकेत विकायला जायचे.

भंगाराच्या त्या आवारात मोजणीचे काटे वेडेवाकडे नाचले. एका ढिगाजवळ जास्त, दुसऱ्याजवळ कमी, मधल्या मोकळ्या जमिनीवर कुठेतरी पुन्हा एकदम जास्त. गोष्ट एका जागी असती तर काटा एका दिशेला बोट दाखवतो. इथे ती आवारभर विखुरली होती. विखुरली कशी, याचं उत्तर डोक्यावर लटकत होतं. भंगार उचलायच्या क्रेनला विद्युतचुंबक लावलेलं होतं, आणि कोबाल्ट हा लोखंडासारखाच चुंबकाला चिकटणारा धातू आहे. या तपशिलापाशी मी दर वेळी थबकतो. आमच्या गल्लीत येणारा भंगारवालाही हातगाडीच्या दांड्याला दोरीने एक चुंबक बांधून ठेवतो. डबा हातात घेतला की आधी चुंबक टेकवून बघतो, चिकटलं तर लोखंड, नाही तर ॲल्युमिनियम किंवा पितळ, आणि मग भाव सांगतो. हुआरेजच्या चुंबकाने त्याचं काम अगदी चोख केलं होतं. प्रत्येक खेपेला लोखंडाबरोबर त्याने कोबाल्टचे दाणेही उचलले होते आणि आवारभर पेरले होते.

दाणे म्हणजे अक्षरशः दाणे. एकेक जेमतेम एक मिलिमीटरचा, चकचकीत, मोहरीहूनही लहान. असे सुमारे ६,००० दाणे एका पोलादी डबीत बंद होते. ती डबी एका जड धातूच्या दंडगोलात, आणि तो दंडगोल कॅन्सरवर उपचार करणाऱ्या एका यंत्राच्या डोक्यात. आपल्याकडे अशा उपचाराला रुग्णांचे नातेवाईक ‘शेक दिला’ किंवा ‘लाईट घेतली’ म्हणतात. टाटा हॉस्पिटलच्या आवारात बसून ज्यांनी आपल्या माणसाच्या नंबराची वाट पाहिली आहे, त्यांना ‘कोबाल्ट’ हा शब्द नवा नाही. हाच कोबाल्ट. शिसं आणि टंगस्टनच्या आवरणात ठेवून, हव्या त्या क्षणी, हव्या तेवढ्याच खिडकीतून गाठीवर सोडला तर आयुष्य वाढवतो. त्याची भीती बाळगण्यापेक्षा मला तरी त्याच्याबद्दल कृतज्ञताच वाटत आली आहे.

आवारातून माग मागे मागे गेला आणि हुआरेजच्या एका वस्तीत, रस्त्याच्या कडेला उभ्या असलेल्या एका पिकअप गाडीपाशी पोचला. गाडी बंद पडून तिथे आठवडेच्या आठवडे उभी होती. आजूबाजूची मुलं तिच्या मागच्या हौद्यात चढून खेळायची. मोठी माणसं तिला टेकून गप्पा मारायची. तिच्या हौद्यात कोबाल्टचे दाणे सांडलेले होते.

मागच्या वर्षी ६ डिसेंबरला याच गाडीतून एका खासगी इस्पितळाच्या देखभाल कामगाराने त्या यंत्राचे भाग भंगारात नेले होते. गोदामात बरीच वर्षं पडून असलेलं धूड. लोखंड चांगलं, वजन भरपूर. वाटेतच कधीतरी डबीला भोक पडलं आणि दाणे हौद्यात सांडले. उरलेले भंगारवाल्याच्या काट्यावर तोलले गेले. त्या दिवसापासून लॉस अलामोसचा इशारा वाजेपर्यंत ४१ दिवस गेले होते. तेवढ्या काळात भट्ट्या पेटत होत्या, सळया ओढल्या जात होत्या, ट्रक सुटत होते. मोजदाद झाली तेव्हा संशयाच्या घेऱ्यात आलेल्या सळया सुमारे ६,६०० टन भरल्या आणि टेबलांचे पाय सुमारे ३०,०००. फाटकावरचं ते यंत्र वगळता या सगळ्या साखळीत कुठेही, कोणाच्याही हातात, हे ओळखण्याचं साधन नव्हतं. आणि तेही यंत्र दुसऱ्याच कामासाठी बसवलेलं. ट्रकवाला नीट रस्त्याने गेला असता तर आणखी किती दिवस गेले असते कोण जाणे.

आता त्या गोदामाकडे वळू, कारण या कथेतला शोध माझ्या मते तिथे लागतो. लॉस अलामोसला इशारा वाजला, पण चूक झाली होती ती सहा वर्षं आधी.

हे यंत्र मूळचं टेक्सासमधल्या लबक गावच्या एका इस्पितळातलं. तिथे ते वापरून जुनं झालं. मग वैद्यकीय यंत्रांचा व्यापार करणाऱ्या एका अमेरिकी कंपनीमार्फत नोव्हेंबर १९७७ मध्ये ते हुआरेजच्या इस्पितळाने १६,००० डॉलरला विकत घेतलं. यंत्र नदी ओलांडून आलं. मेक्सिकोत अशा यंत्राच्या आयातीला सरकारी परवानगी लागायची, ती घेतली गेली नाही. यंत्र आल्याचं सरकारला कळवलं गेलं नाही. शिवाय ते चालवायला शिकलेली माणसं इस्पितळाकडे नव्हती, म्हणून ते कधी बसवलंच नाही. गोदामात ठेवून दिलं. महिने गेले, वर्षं गेली. गोदामात ते आहे हे ज्यांना ठाऊक होतं त्यांनाही ते नेमकं काय आहे हे हळूहळू विसरायला झालं असणार.

इथे परवान्याबद्दल जरा सविस्तर सांगतो, कारण परवाना म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे खिडकीमागचा कारकून, शिक्का आणि उद्या या असं सांगणारा आवाज येतो. किरणोत्सारी वस्तूचा परवाना म्हणजे त्या वस्तूभोवती बांधलेली माणसांची साखळी असते. विकणाऱ्याने आधी पाहायचं की घेणाऱ्याकडे परवाना आहे का. घेणाऱ्याने सांगायचं की ती कुठल्या खोलीत, किती जाडीच्या भिंतीआड राहील. संस्थेत एक प्रशिक्षित सुरक्षा अधिकारी नेमायचा, ज्याचं नाव कागदावर असतं आणि काही झालं तर ज्याला रात्री फोन जातो. ठरावीक काळाने वस्तू जागेवर असल्याचं कळवायचं. आणि सगळ्यात महत्त्वाचं, वापर संपला की काय करायचं तेही आधीच ठरलेलं असतं. मूळ पुरवठादाराकडे परत पाठवायची किंवा सरकारने सांगितलेल्या ठिकाणी सोपवायची. भंगारात, लिलावात, गोदामात नाही. यातला एक दुवा जरी शाबूत असता तर कोणीतरी दर वर्षी विचारलं असतं, तुमच्याकडचं ते यंत्र कुठे आहे? हुआरेजच्या यंत्राबद्दल हा प्रश्न सहा वर्षांत एकदाही कोणी विचारला नाही. ज्याची नोंदच नाही त्याची चौकशी कोण करणार?

त्यात आणखी एक गुंता. यंत्र आलं १९७७ मध्ये, आणि मेक्सिकोत अणुसुरक्षेवर देखरेख ठेवणारा हा आयोग उभा राहिला तो १९७९ च्या कायद्याने. नव्या कार्यालयाकडे जुन्या कार्यालयाचे कागद आले असतील, पण कागदच नसलेलं यंत्र कसं येणार? देखरेख करणारी संस्था जन्माला येण्याआधी देशात शिरलेल्या वस्तू हा जगभरातल्या नियामकांचा फार जुना घोर आहे. पुढे दिल्लीत त्याचीच प्रचीती यायची होती.

त्या कामगाराला दोष द्यायला माझं मन घेत नाही. धोक्याची खूण म्हणून जगभर चालते ती पिवळ्यावर काढलेली तीन पाकळ्यांची आकृती. ज्याला शिकवलंय त्याला ती कळते. ज्याला नाही त्याला ती पंख्यासारखी वाटते, जहाजाच्या पात्यासारखी वाटते. हे जगाच्या लक्षात यायला बराच काळ गेला. शेवटी आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेने ११ देशांतल्या १,६५० लोकांना नमुने दाखवून नवं चिन्ह ठरवलं आणि २००७ मध्ये ते जाहीर झालं. लाल त्रिकोण, वरून येणारे किरण, एक कवटी आणि पळणारा माणूस. अक्षर न येणाऱ्यालाही कळेल असं. ते लावायचं असतं यंत्राच्या आत, किरणोत्साराच्या स्रोताजवळ, म्हणजे कोणी पाने-पकड घेऊन उघडायला बसला तर त्याच्या डोळ्यांसमोर यावं. हुआरेजच्या त्या माणसाला हे चिन्ह २४ वर्षं उशिरा आलं.

पुढचं आवरण्याचं काम भयंकर होतं. सळया मेक्सिकोच्या अनेक राज्यांत पोचल्या होत्या आणि सळईचा स्वभाव असा की ती एकदा काँक्रीटमध्ये गेली की दिसत नाही. घर बांधून झालेलं, रंग दिलेला, माणसं राहायला आलेली, आणि स्लॅबमधून गॅमा किरण निघताहेत. आयोगाच्या माणसांनी १७,६३६ इमारती तपासल्या. त्यांतल्या ८१४ पूर्ण किंवा अंशतः पाडाव्या लागल्या. आयुष्यभराची पुंजी घालून बांधलेलं घर, त्यात काही बिघडलेलं डोळ्यांना दिसत नाही, आणि सरकारी माणूस हातात डबीएवढं यंत्र धरून सांगतो की हे पाडायला हवं. त्या ८१४ दारांमागे काय काय बोललं गेलं असेल, याचा हिशेब कुठल्या अहवालात नसतो. हुआरेजवर हेलिकॉप्टरमधून मोजणी झाली. रस्त्यांवर, ट्रकच्या वाटांवर सांडलेले दाणे एकेक करून वेचले गेले.

सुमारे ४,००० लोकांना किरणांचा उपसर्ग झाला. बहुतेकांना थोडा. पाच जणांना दोन महिन्यांत मिळून ३०० ते ७०० रेम (रेम हे किरणांचा मारा मोजायचं एकक). एवढा मारा एका दमात बसला तर माणूस दगावण्याची शक्यता मोठी असते. इथे तो थोडाथोडा, दिवसांवर पसरून बसला म्हणून शरीराला दुरुस्तीला उसंत मिळाली.

हे सगळं मेक्सिकोत घडलं आणि आपला त्याच्याशी काय संबंध, असं वाटू शकतं. एक तारीख सांगतो. आपलं अणुऊर्जा नियामक मंडळ १५ नोव्हेंबर १९८३ रोजी स्थापन झालं. हुआरेजचं यंत्र भंगारात गेलं त्याच्या बरोबर २१ दिवस आधी. मंडळाचं मुख्यालय मुंबईत, अणुशक्तीनगरच्या नियामक भवनात. तारापूरच्या अणुभट्टीपासून एखाद्या तालुक्याच्या गावातल्या एक्स-रे यंत्रापर्यंत सगळ्यांच्या परवान्यांची जबाबदारी तिथे येते. मानखुर्दहून जाताना उजव्या-डाव्या हाताला दिसणाऱ्या त्या शांत, झाडांनी भरलेल्या वसाहतीत बसून देशभरातल्या हजारो लहानमोठ्या स्रोतांचा पत्ता ठेवायचा, हे काम किती चिकट आणि किती अनाम आहे याची कल्पना बाहेरून येत नाही.

ऑक्टोबर २००८ मध्ये फ्रान्सच्या अणुसुरक्षा प्राधिकरणाने जाहीर केलं की लिफ्टची बटणं तयार करणाऱ्या तिथल्या एका कारखान्यात २० कामगारांना किरणांचा उपसर्ग झाला आहे. बटणांच्या पोलादात कोबाल्ट-६० होता. हुआरेजमध्ये घडलं तेच, फक्त सळईऐवजी बटण. या वेळी माग उलट दिशेने निघाला. फ्रान्समधून भारतात, भारतात महाराष्ट्रात, आणि थांबला रायगड जिल्ह्यात, खोपोलीतल्या एका ओतशाळेपाशी. भंगार वितळवताना त्यात कुठून तरी एक स्रोत आला होता आणि तो कोणालाही न दिसता भट्टीत गेला होता. बोरघाट चढायच्या आधी डाव्या-उजव्या हाताला पोलादाच्या कारखान्यांच्या शेड लागतात, त्या आपण किती वेळा पाहिल्या असतील. लिफ्टमध्ये शिरून मजल्याचं गुळगुळीत पोलादी बटण दाबताना मला पुढे कित्येक दिवस खोपोली आठवत राहिली.

आणि मग दीडेक वर्षात मायापुरी.

एप्रिल २०१०, पश्चिम दिल्लीतली भंगारबाजाराची गल्ली. तिथला एक दुकानदार इस्पितळात दाखल झाला. कातडी काळवंडलेली, केस गळालेले, रक्तातल्या पेशी घसरलेल्या. डॉक्टरांना किरणोत्सर्गाची शंका आली आणि ७ एप्रिलला नियामक मंडळाला कळवलं गेलं. हा फोन ज्या डॉक्टरने केला असेल त्याला मी लॉस अलामोसच्या यंत्राइतकंच मोल देतो. लक्षणांची नुसती यादी पाहिली तर ती दहा आजारांची असू शकते. मुंबईहून मंडळाची आणि भाभा अणुसंशोधन केंद्राची माणसं गेली, नरोरा अणुवीज केंद्राची आली. दाटीवाटीच्या दुकानांमधून, ग्रीसने माखलेल्या पत्र्यांच्या ढिगांमधून मोजणी सुरू झाली आणि कोबाल्टच्या बारीक पेन्सिली एकेक करून सापडू लागल्या. त्यांतला एक तुकडा तर एका दुकानदाराने खिशातल्या पाकिटात ठेवला होता. चकाकणारा धातू, काहीतरी किमती असेल असं वाटून.

त्या पेन्सिलींची घडण पाहून जाणकारांनी ताडलं की हे उपचाराच्या यंत्रातलं नाही. हे संशोधनासाठी वापरतात त्या ‘गॅमा सेल’मधलं आहे. मग अशी यंत्रं देशात कोणाकोणाकडे आहेत याची यादी काढायची पाळी आली, आणि महिना संपायच्या सुमारास उत्तर मिळालं. दिल्ली विद्यापीठाच्या रसायनशास्त्र विभागाने साठच्या दशकाच्या अखेरीस कॅनडातून घेतलेलं यंत्र. ऐंशीच्या दशकाच्या मध्यापासून बंद. २६ फेब्रुवारी २०१० रोजी जुन्या सामानाबरोबर लिलावात विकलेलं. घेतलं तेव्हा नियामक मंडळ अस्तित्वातही नव्हतं, आणि विकताना मंडळाला कोणी विचारलं नाही. हुआरेजच्या गोदामाची आठवण करून देणारीच गोष्ट, फरक एवढाच की तिथे सहा वर्षं विसर पडला होता आणि इथे पंचवीस.

सात माणसं आजारी पडली. त्यांतला एक कामगार २६ एप्रिलला गेला. यंत्र ज्यांनी विकत घेतलं होतं, ज्यांनी ते वापरून शोधनिबंध लिहिले होते, ज्यांनी लिलावाच्या यादीवर सही केली होती, त्यांच्यापैकी तो कोणीच नव्हता. तो भंगार फोडणारा मजूर होता.

मायापुरीनंतर मंडळाने विद्यापीठं आणि संशोधन संस्थांना पत्रं पाठवली, तुमच्या कपाटात, तळघरात, बंद प्रयोगशाळेत काय काय आहे ते कळवा म्हणून. पुढे परवान्यांची सगळी व्यवस्था संगणकावर आली. पण काम किती मोठं होतं हे २०१२ मध्ये नियंत्रक व महालेखापरीक्षकांच्या अहवालाने आकड्यांत मांडलं. देशातल्या ५७,४४३ वैद्यकीय एक्स-रे यंत्रांपैकी मंडळाकडे नोंदलेली होती फक्त ५,२७०. एक्स-रे यंत्रात किरणोत्सारी पदार्थ नसतो, वीज बंद केली की किरणं बंद होतात, त्यामुळे त्याची तुलना कोबाल्टशी करता येणार नाही. तरीही तो आकडा वाचून मी अस्वस्थ झालो होतो. ९१ टक्के यंत्रं वहीत नाहीत, म्हणजे कोणी त्यांच्या खोलीच्या भिंतींची जाडी विचारलेली नाही, तिथे उभं राहून दिवसाला शंभर फोटो काढणाऱ्या तंत्रज्ञाच्या छातीवरचा बॅज कोणी तपासलेला नाही. हा राग मला आजही येतो आणि तो लपवावासा वाटत नाही.

हुआरेजचं शेवटी काय झालं? शहराच्या दक्षिणेला सामालायुकाचं वाळवंट आहे, पांढऱ्या वाळूच्या टेकड्यांचं. त्या भागात खड्डे खणून सळया, पाडलेल्या घरांचा मलबा आणि खरवडून काढलेली माती पुरली. कोबाल्ट-६० ची तीव्रता ५.२७ वर्षांत निम्मी होते. चार दशकांहून थोड्या अधिक काळात ती आठ वेळा निम्मी होते, म्हणजे मूळच्या २५६ व्या भागाइतकी उरते. हे गणित निसर्ग आपणहून करतो, त्याला परवाना लागत नाही आणि त्याला घाईही करता येत नाही.

त्या अपघातावर मेक्सिकोच्या आयोगाने सविस्तर अहवाल लिहिला. यंत्र कुठल्या बनावटीचं, कुठल्या वर्षी आलं, कोणाकडून आलं, आत दाणे किती, हे सगळं त्यात नोंदलेलं आहे.